प्रोजेक्ट मॅनेजमेंटमध्ये एमबीए किंवा मास्टर्स: सारखे सारखे येणारे प्रश्न

ॲडमिशनच्या आधीपासून ते शेवटच्या सेमिस्टरपर्यंत लोक जे तेच तेच विचारत असतात ते एका जागी गोळा केलंय. सोपं वर, डोकं खाणारं खाली. एखाद्या उत्तरात "प्रश्न अमुक बघा" असं दिसलं तर खरंच बघा, कारण तीच गोष्ट दोनदा लिहिलेली नाही.

१. साधं एमबीए, प्रोजेक्ट मॅनेजमेंटमधलं एमबीए आणि मास्टर्स इन प्रोजेक्ट मॅनेजमेंट, यात नेमका फरक काय?

एमबीएमध्ये फायनान्स, मार्केटिंग, एचआर, ऑपरेशन्स, स्ट्रॅटेजी सगळं येतं आणि वर प्रोजेक्ट मॅनेजमेंटचे थोडे विषय. मास्टर्समध्ये उलटं, जवळजवळ सगळे विषय प्रोजेक्टचेच: शेड्युलिंग, रिस्क, कॉन्ट्रॅक्ट, पोर्टफोलिओ, आणि फायनान्स लागेल तेवढंच. पुढे कधी दुसऱ्या फंक्शनमध्ये उडी मारायची शक्यता वाटत असेल तर एमबीए, याच लायनीत राहायचं पक्कं असेल तर मास्टर्स. पण डिग्रीच्या नावावर जाऊ नका हो, ब्रोशरमधली विषयांची यादी उघडा आणि प्रोजेक्टचे विषय खरोखर किती आहेत ते मोजा. नाव मोठ्ठं आणि आत दोनच विषय, असंही असतं.

२. गँट चार्ट (कामांचं पट्ट्यांचं वेळापत्रक) आणि एक्सेल तर यूट्यूबवर फुकट शिकता येतं, मग डिग्री कशाला?

टूल शिकायला डिग्री लागत नाहीच. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट, प्रायमाव्हेरा, जिरा, जे काय असेल ते मनावर घेतलं तर कामापुरतं लवकर येतं. बिझनेस स्कूलमध्ये जे शिकायचं असतं ते म्हणजे हा प्रोजेक्ट करायचाच का, आणि अर्ध्यात आल्यावर अजूनही करायचाच का.

एक उदाहरण घ्या, स्वतः कॅलक्युलेटरवर करून बघा. आज १०० गुंतवायचे, पहिल्या वर्षाच्या शेवटी ६० परत, दुसऱ्याच्या शेवटी ६०, डिस्काउंट रेट (पुढच्या पैशाची आजची किंमत काढायचा वार्षिक दर) १० टक्के. आजच्या किमतीत ते होतात ५४.५ आणि ४९.६, बेरीज १०४.१, त्यातून गुंतवलेले १०० वजा केले की एनपीव्ही (आजच्या किमतीतला निव्वळ फायदा) अधिक ४.१. प्रोजेक्ट बरा आहे, करा. आता समजा खर्च एक पैसा वाढला नाही, फक्त काम एक वर्ष लांबलं, आणि तेच ६० आणि ६० दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी आले. आता होतात ४९.६ आणि ४५.१, बेरीज ९४.७, एनपीव्ही उणे ५.३. बजेट जिथल्या तिथे, क्वालिटी जिथल्या तिथे, आणि तरी प्रोजेक्ट तोट्यात. ज्याला फक्त गँट चार्ट येतो त्याला एक वर्षाचा उशीर म्हणजे लांबलेली पट्टी दिसते, आणि फायनान्सवाल्याला शेड्युल वाचता येत नाही म्हणून उशीर होणार हे आधी कळत नाही. दोन्ही एका डोक्यात बसवणं हेच या डिग्रीचं काम, बाकी बरंचसं टूलच आहे.

३. माझं गणित कच्चं आहे, झेपेल का?

झेपेल. बेरीज, भागाकार, टक्केवारी, थोडी प्रोबॅबिलिटी आणि स्टॅटिस्टिक्समधलं स्टँडर्ड डेव्हिएशन, एवढ्यावर बहुतेक विषय निघतात. खरी अडचण आकडेमोडीची नसते, आलेला आकडा काय सांगतोय आणि काय सांगत नाहीये हे कळण्याची असते. ते प्रश्न ८ पासून पुढे.

४. जीमॅट की जीआरई?

ज्या कॉलेजांना अप्लाय करताय त्यांना काय चालतं ते आधी बघा, बरीच ठिकाणं दोन्ही घेतात आणि काही ठिकाणी अनुभवावर माफीसुद्धा मिळते. आताची जीमॅट सव्वादोन तासांची आहे, तीन सेक्शन, स्कोअर २०५ ते ८०५, त्यामुळे जुन्या ८०० वाल्या स्कोअरशी थेट तुलना करू नका, आजचा ६५० आणि तेव्हाचा ६५० एक नाहीत. जीआरई २०२३ च्या सप्टेंबरपासून छोटी होऊन दोन तासांच्या आत आली. दोन्हीचा एकेक मॉक द्या, ज्यात कमी घाम फुटेल ती घ्या.

५. कॉलेज ॲक्रेडिटेड आहे म्हणतात, पण कोणाकडून असावं?

दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्या एकच समजतात. एएसीएसबी, एएमबीए, इक्विस ही बिझनेस स्कूलची किंवा एमबीएची मान्यता. पीएमआय म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट, तिच्याकडून मिळणारी जीएसी मान्यता ही त्या विशिष्ट प्रोजेक्ट मॅनेजमेंट डिग्रीची. पहिली असली म्हणजे दुसरी असतेच असं नाही. दुसरीचा एक रोकडा फायदा पीएमपीच्या (पीएमआयचं अनुभवी प्रोजेक्ट मॅनेजरसाठीचं सर्टिफिकेट) वेळी होतो, तो प्रश्न १५ मध्ये आहे. आणि ॲक्रेडिटेशन कॉलेजच्या वेबसाइटवर न बघता देणाऱ्या संस्थेच्या यादीत बघा, जुने लोगो तसेच लटकत राहतात.

६. डिग्री करू की सरळ पीएमपी करून टाकू?

अनुभव किती यावर आहे. पीएमपी ही ज्याने प्रोजेक्ट चालवलेत त्याच्यासाठी आहे, फ्रेशरला ती देताच येत नाही. चार वर्षांची डिग्री असेल तर साधारण ३६ महिने प्रोजेक्ट लीड केल्याचा अनुभव लागतो आणि वर ३५ तासांचं प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं शिक्षण. पास झाल्यावर पण संपत नाही, दर तीन वर्षांनी ६० पीडीयू (पुढच्या शिक्षणाचे तास) दाखवावे लागतात. अनुभव नसेल तर पीएमआयचीच सीएपीएम आहे, तिला अनुभव लागत नाही, २३ तासांचं शिक्षण पुरतं.

माझं मत विचाराल तर पाच-सात वर्षं प्रोजेक्टवर घासलेल्या माणसाला लगेच पगारवाढ किंवा नोकरीबदल हवा असेल तर आधी पीएमपी. पण ज्याला वरच्या टेबलावर बसून कुठला प्रोजेक्ट घ्यायचा हे ठरवायचंय त्याला पीएमपी पुरत नाही, तिथे प्रश्न २ मधलं गणित लागतं. प्रिन्स२ चं पण बरेच जण विचारतात. ती ब्रिटिश सरकारी कामातून आलेली पद्धत आहे, १९९६ ची, आणि जिथे सरकारी किंवा मोठ्या संस्थांची कामं तिच्यावर चालतात तिथे तिला भाव आहे. इतर ठिकाणी इंटरव्ह्यूला कोणी विचारेलच असं नाही.

७. पीएमबोकची (पीएमआयचं प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं गाइड) कुठली आवृत्ती वाचू? सर सहावी वापरतात, सिनियर म्हणतो ती जुनी झाली.

दोघं आपापल्या जागी बरोबर आहेत. २०१७ ची सहावी आवृत्ती प्रोसेसवर उभी आहे, ४९ प्रोसेस आणि १० नॉलेज एरिया. २०२१ च्या सातवीने तो सगळा सांगाडा बाजूला ठेवून १२ तत्त्वं मांडली. परीक्षेसाठी म्हणून वाचायचं असेल तर परीक्षेची चालू आउटलाइन काय म्हणते ते बघा, आवृत्तीवरून भांडू नका. क्लाससाठी मात्र सहावी अजून सोयीची पडते, कारण नवख्या माणसाला "मूल्यावर लक्ष ठेवा" असं सांगून काही कळत नाही, त्याला आधी कुठला कागद कुठल्या कागदाच्या आधी येतो ते दिसावं लागतं.

८. क्रिटिकल पाथ म्हणजे सगळ्यात महत्त्वाची कामं ना?

नाही, आणि हा गैरसमज पेपरमध्ये हमखास मार्क घालवतो. क्रिटिकल पाथ म्हणजे सगळ्यात लांब मार्ग, ज्यावरचं काम एक दिवस घसरलं की पूर्ण प्रोजेक्ट एक दिवस घसरतो. महत्त्वाशी संबंध नाही, फालतू वाटणारी परवानगीची सही पण क्रिटिकल असू शकते. पद्धत १९५७ ची, ड्यूपाँट आणि रेमिंग्टन रँडवाल्यांनी बनवलेली.

समजा ऑफिस नव्या इमारतीत हलवायचंय. मोजमाप आणि नकाशा ४ दिवस. त्यानंतर दोन कामं एकदम: वायरिंग ६ दिवस, फर्निचर ३ दिवस. दोन्ही झाल्यावर शिफ्टिंग ५ दिवस. वायरिंगचा मार्ग ४ अधिक ६ अधिक ५, म्हणजे १५ दिवस. फर्निचरचा १२. तर क्रिटिकल वायरिंगचा, आणि फर्निचरला ३ दिवसांचा फ्लोट, म्हणजे तेवढं घसरलं तरी चालतं.

आता बॉस म्हणाला वायरिंगला जादा माणसं लावा, ६ चं २ दिवसांत करा. चार दिवस वाचले असं वाटतं, पण वाचतात तीनच. वायरिंगचा मार्ग ११ झाला पण फर्निचरचा १२ तसाच आहे, आता तोच क्रिटिकल. चौथ्या दिवसाचा जादा पैसा गेला पाण्यात. क्रॅशिंगच्या (जादा पैसा टाकून वेळ कमी करायच्या) गणितात एकेक दिवस कमी करून दरवेळी नेटवर्क परत तपासायला लावतात ते उगाच छळायला नाही.

९. अर्न्ड व्हॅल्यू तीनदा वाचलं, डोक्यात शिरत नाही.

फॉर्म्युले बाजूला ठेवा. १० मॉड्यूल, प्रत्येकाचं बजेट १००, आठवड्याला एक, असा १० आठवड्यांचा १००० चा प्रोजेक्ट. पाच आठवडे संपले. खर्च ४८० झालाय. मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणणार, "अरे वा, ५०० धरले होते, २० वाचले!" आणि सगळे खूष.

पण झालीत किती मॉड्यूल? चार. म्हणजे आपण ४०० चं काम ४८० ला केलंय. हे ४०० म्हणजे अर्न्ड व्हॅल्यू, ५०० प्लॅन्ड, ४८० ॲक्चुअल. सीपीआय (खर्चाचा इंडेक्स) म्हणजे ४०० भागिले ४८०, ०.८३. एसपीआय (शेड्युलचा इंडेक्स) म्हणजे ४०० भागिले ५००, ०.८; दोन्ही १ च्या खाली म्हणजे वाईट. याच वेगाने पुढे गेलो तर शेवटचा खर्च १००० भागिले ०.८३, म्हणजे १२०० च्या घरात. वाचलेले २० कुठेच नाहीत, उलट २०० चा खड्डा समोर दिसतोय. अकाउंट्सचा रिपोर्ट खर्च आणि बजेट एवढंच बघतो म्हणून त्याला हे कधी दिसत नाही, झालेलं काम हा तिसरा आकडा त्यात नसतोच.

१०. आमचा प्रोजेक्ट तीन आठवडे लेट संपला आणि एसपीआय १ आला. सॉफ्टवेअर चुकतंय का?

सॉफ्टवेअर बरोबर आहे, इंडेक्सच असा आहे. प्रोजेक्ट संपला म्हणजे सगळं काम झालं, मग अर्न्ड व्हॅल्यू पूर्ण बजेटएवढी, आणि प्लॅन्ड व्हॅल्यू पण पूर्ण बजेटएवढी. भागाकार १. तुम्ही तीन आठवडे लेट असा की तीन वर्षं, शेवटी उत्तर १ च येणार. म्हणून प्रोजेक्ट शेवटाकडे आला की एसपीआय आपोआप सुधारत जातो आणि नवखा मॅनेजर समजतो की टीमने वेग पकडला.

यावर उपाय म्हणजे अर्न्ड शेड्युल, वॉल्ट लिपकेने २००३ साली मांडलेलं. पैशात न मोजता वेळेत मोजायचं. प्रश्न ९ मधलंच घ्या, पाचव्या आठवड्याअखेर झालेलं काम प्लॅनप्रमाणे चौथ्या आठवड्याअखेर व्हायला हवं होतं, म्हणून ४ भागिले ५, ०.८. आणि तोच प्रोजेक्ट १३ आठवड्यांनी संपला तर १० भागिले १३, ०.७७. शेवटपर्यंत खरं बोलतो. व्हायव्हात एसपीआयची मर्यादा विचारली तर हे सांगा, परीक्षकाची मान हलते.

११. पर्टने काढलेली तारीख दरवेळी का चुकते?

पर्ट (वेळेचा अंदाज काढायची पद्धत) १९५८ मधलं, अमेरिकन नेव्हीच्या पोलारिस मिसाइल प्रोग्रॅमसाठी बनलं. तीन अंदाज घ्यायचे: सगळं छान झालं तर ४ दिवस, बहुधा ६, वाट लागली तर १४. मग ४ अधिक चारपट ६ अधिक १४, भागिले ६, उत्तर ७. इथवर ठीक.

गडबड पुढे होते. पर्ट फक्त एका क्रिटिकल पाथकडे बघून तारीख देतं, पण खऱ्या प्रोजेक्टमध्ये त्याच्याएवढेच लांब अजून दोन-तीन मार्ग शेजारून चाललेले असतात आणि शेवटी सगळे एका जागी येऊन मिळतात. प्रत्येक मार्ग त्या तारखेला पूर्ण व्हायची शक्यता ५० टक्के असेल आणि मार्ग एकमेकांवर अवलंबून नसतील, तर दोन्ही पूर्ण व्हायची शक्यता २५ टक्के, तिन्ही १२.५. म्हणजे कोणी आळशीपणा केला नाही तरी तारीख हुकायचीच शक्यता जास्त. म्हणून मॉन्टे कार्लो सिम्युलेशन करतात, ते सगळे मार्ग एकदम चालवून बघतं. आणि हे सगळं मुळातले तीन अंदाज प्रामाणिक आहेत असं धरून, जे नसतात. माणूस स्वतःच्या कामाला लागणारा वेळ कमीच धरतो, कानमन आणि ट्वर्स्कीने १९७९ मध्ये याला प्लॅनिंग फॅलसी म्हटलं. त्यापेक्षा तसल्याच जुन्या कामांना खरोखर किती वेळ लागला होता ते शोधा, अंदाज तिथून सुरू करा.

१२. कॉन्ट्रॅक्टचा विषय फार कंटाळवाणा आहे, ऑप्शनला टाकू का?

नका टाकू. फिक्स्ड प्राइसमध्ये खर्च वाढला तर कंत्राटदाराच्या अंगावर, कॉस्ट प्लसमध्ये (झालेला खर्च अधिक ठरलेला मोबदला) तुमच्या. एवढं एक वाक्य नीट मुरलं तर अर्धा पेपर निघतो. ज्याला स्कोप पक्का माहीत नाही त्याने फिक्स्ड प्राइस केलं की पुढे प्रत्येक बदलाला चेंज ऑर्डर आणि भांडण, हा उरलेला अर्धा.

१३. सगळीकडे ॲजाइल (छोट्या टप्प्यांत काम करून बदल करत जायची पद्धत) आलंय, मग हे जुनं कशाला शिकवतात?

ॲजाइल मॅनिफेस्टो २००१ चा, १७ जणांनी मिळून लिहिलेला, आणि ती सगळी सॉफ्टवेअरची माणसं होती. जिथे बदल स्वस्त आहे तिथे ते सुंदर चालतं. दोन आठवड्यांनी स्क्रीन बदलली तर काय बिघडतं? पण काँक्रीट ओतल्यावर पिलर दोन फूट सरकवा म्हणून कोणी सांगून बघावं.

शिवाय स्क्रममध्ये (ॲजाइलचीच एक पद्धत) प्रोजेक्ट मॅनेजर नावाचा रोलच नाही, प्रॉडक्ट ओनर, स्क्रम मास्टर, डेव्हलपर्स, झालं. मग बजेट कोण बघणार, पाच टीमचं काम एका तारखेला कोण जुळवणार? मोठ्या कंपनीत ते कोणीतरी करतच असतं आणि तो माणूस प्रश्न ८ आणि ९ चंच वापरत असतो, नाव काही का असेना.

१४. केस स्टडीत बरोबर उत्तर काय असतं? सिडनी ऑपेरा हाउस यशस्वी की फेल?

या एका केसवर वर्गात तास न् तास वाद होतात आणि व्हायलाच पाहिजेत. सुरुवातीचा अंदाज ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर, शेवटी खर्च १० कोटी २० लाख. १९६३ ला पूर्ण व्हायचं होतं, उघडलं १९७३ ला. आर्किटेक्ट उत्झन १९६६ मध्ये मध्येच सोडून गेला. आणि काम १९५९ मध्ये सुरू केलं तेव्हा वरची ती शिंपल्यासारखी छपरं बांधायची कशी हेच सुटलेलं नव्हतं. वेळ, पैसा, स्कोप या त्रिकोणात बसवलं तर नापास, सरळ नापास. पण आज त्या शहराची ओळखच ती इमारत आहे.

तर उत्तर लिहिताना "यशस्वी" किंवा "फेल" एवढंच लिहू नका, दोन गोष्टी वेगळ्या करा: प्रोजेक्ट चालवणं जमलं का, आणि जे बनलं त्याचा उपयोग झाला का. मग विचारा की १९५९ मध्ये त्या खुर्चीत तुम्ही असता, पुढचं काहीच माहीत नसताना, तर डिझाइन पक्कं होईपर्यंत काम थांबवलं असतं का. थांबवलं असतं तर कदाचित राजकारणात इमारत झालीच नसती. नुसतं "प्लॅनिंग नीट करायला हवं होतं" लिहिणाऱ्याला पासिंगपुरते मार्क मिळतात, आणि तेही दयेने.

१५. जीएसी मान्यतेची डिग्री केली तर पीएमपीला सूट मिळते म्हणे?

हो, अशा डिग्रीवाल्याला अनुभवाची अट ३६ ऐवजी २४ महिन्यांची होते. पण यात बरेच जण अडकतात. कॉलेजमधले प्रोजेक्ट, फेस्टचं आयोजन, घरचं लग्न, यातलं काहीही अनुभवात धरत नाहीत, नोकरीतलंच काम लागतं. दुसरं, एकाच वेळी दोन प्रोजेक्ट चालवले म्हणून महिने दुप्पट होत नाहीत, तो महिना एकदाच मोजतात. पार्ट-टाइम शिकत नोकरी चालू ठेवलेल्याचे नोकरीतले महिने मात्र धरतात, त्यामुळे नोकरी सोडून फुल-टाइम करणाऱ्यापेक्षा तो इथे पुढे निघतो. अटी अधूनमधून बदलतात, अर्ज भरायच्या दिवशी पीएमआयच्या हँडबुकमध्ये बघूनच भरा.

१६. ग्रुप प्रोजेक्टमध्ये एकटाच मी काम करतोय, बाकीचे नुसते "ओके" टाकतात. काय करू?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि गंमत म्हणजे हाच तुमचा खरा प्रॅक्टिकल आहे. पहिलं, ग्रुप लहान ठेवा. ५ जणांत आपापसातले संवाद १० होतात, १० जणांत ४५, म्हणजे माणसं दुप्पट आणि कटकट साडेचारपट. दुसरं, "रिस्क सेक्शन आपण सगळे बघू" असं लिहू नका, प्रत्येक कामासमोर एकच नाव आणि तारीख. दोन नावं लिहिली की दोघांना वाटतं दुसरा करतोय.

तिसरं, शेवटच्या आठवड्यात अजून एखाद्याला मदतीला ओढू नका. फ्रेड ब्रुक्सने १९७५ मध्येच सांगून ठेवलंय की लेट झालेल्या सॉफ्टवेअर प्रोजेक्टवर माणसं वाढवली की तो अजून लेट होतो, कारण नव्याला समजावण्यात जुन्याचा वेळ जातो. आणि सरांकडे तक्रार करायचीच असेल तर तिसऱ्या आठवड्यात करा, नावं आणि तारखांचा तो कागद घेऊन. सबमिशनच्या आदल्या रात्री केलेल्या तक्रारीला रडगाणं म्हणतात.

१७. रिस्कची शक्यता ३० टक्के, नुकसान २००, म्हणून ६० बाजूला ठेवा म्हणतात. पण नुकसान झालं तर २०० होणार, नाही तर शून्य. ६० कधीच होणार नाही. मग हा आकडा कशाचा?

एकच रिस्क असेल तर तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर, ६० ला काही अर्थ नाही. वीस-तीस वेगवेगळ्या रिस्क एकत्र केल्या की काही घडतात, काही नाही, आणि एकूण नुकसान सगळ्या आकड्यांच्या बेरजेच्या आसपास येतं. विमा कंपनी याच्यावरच जगते. म्हणून ही पद्धत सगळ्या प्रोजेक्टचा कंटिंजन्सी रिझर्व्ह (अडचणींसाठी बाजूला ठेवायचा पैसा) काढायला वापरा, एकेका रिस्कसाठी नाही. आणि जी एकच रिस्क आली तर कंपनीच बुडेल तिला या सरासरीत घालूच नका. तिची शक्यता २ टक्के का असेना, तिच्यासाठी वेगळा प्लॅन करा, नाहीतर तो प्रोजेक्ट घेऊ नका. परीक्षेत ३० टक्के गुणिले २०० विचारलं तर मात्र ६० लिहा आणि पुढच्या प्रश्नाकडे जा.